अडुसष्ट लाखांचा हिशेब

जनगणनेला मराठीत एक जुना शब्द आहे, खानेसुमारी. शासकीय परिभाषेने तो बाजूला सारला, पण गावाकडची वडीलधारी मंडळी अजूनही तोच वापरतात. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. फारसीतून आलेला हा शब्द पेशव्यांच्या दफ्तरातही सुखाने नांदला. उर्दूत म्हणतात मर्दुमशुमारी, माणसांची मोजणी. एका भाषेने घरे मोजली, दुसरीने माणसे. मोजणारा मात्र दोन्हीकडे सरकारच. शेतसारा किती येईल, फौजेला माणसे किती मिळतील, हे राज्यकर्त्याला कळावे एवढाच त्या मोजणीचा हेतू होता. मोजल्या गेलेल्या माणसाला त्या आकड्याशी काही कर्तव्य नव्हते आणि तो त्याला कोणी दाखवतही नव्हते.

लोकशाहीत हे उलटे व्हायला हवे. मोजणी सरकारच करणार, पण आकडा लोकांचा असला पाहिजे. तो केव्हा प्रसिद्ध करायचा आणि कसा मांडायचा हे सत्तेवर बसलेल्याच्या सोयीने ठरता कामा नये. ऐकायला हे पाठ्यपुस्तकी वाटते. मला त्याचा अर्थ समजला तो सप्टेंबर २००४ मध्ये, सोलापुरातल्या एका शाळेच्या शिक्षक खोलीत.

मी गणिताचा शिक्षक. शिक्षक म्हणजे सरकारी मोजणीचा हक्काचा हमाल, त्यामुळे २००१ च्या जनगणनेत मीही प्रगणक होतो. ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर हिंडायचे आणि मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत पुन्हा एक फेरी. माझ्या वाट्याला आमच्याच मोहल्ल्याचा भाग आला होता. धर्माच्या रकान्यात सहा धर्मांना सहा आकडे दिलेले होते, मुसलमानांचा दोन. ते सोपे होते. अडायचे मातृभाषेपाशी. घरात दखनी, दारात मराठी, मुले उर्दू शाळेत. एका खालाला विचारले तर म्हणाल्या, "उर्दूच लिखो ना सर, घर में बोलते सो कौन पूछता?" मी उर्दू लिहिले. आकडा कागदावर उतरण्याआधीच त्यात किती गोष्टी मिसळलेल्या असतात हे तेव्हापासून मला ठाऊक आहे.

६ सप्टेंबर २००४ रोजी त्या जनगणनेची धर्मवार आकडेवारी प्रसिद्ध झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एकच आकडा ठळक होता. दहा वर्षांत मुसलमानांची वाढ ३६ टक्के, हिंदूंची २०.३. त्याआधीच्या दशकात मुसलमानांची वाढ ३४.५ होती. म्हणजे हिंदूंचा वेग उतरला आणि मुसलमानांचा चढला. एक सहकारी पेपर फडकावत आले. "काय सर, छत्तीस टक्के! तुम्ही मंडळी थांबायचं नावच घेत नाही!" माणूस वाईट नव्हता, थट्टेच्या सुरातच बोलला. खोलीत सगळे हसले, मीही हसलो. उत्तर माझ्यापाशी नव्हते. आकडा सरकारचा होता, आणि त्यातला एक कण मीच गोळा करून दिला होता.

घरी आल्यावर कागद घेऊन बसलो. १९९१ मध्ये देशात मुसलमान होते १० कोटी १६ लाख आणि २००१ मध्ये १३ कोटी ८२ लाख. वाढ बरोबर ३६ टक्के. वजाबाकी, भागाकार, कशातही चूक नाही. मग माझे लक्ष गेले ते अशांततेमुळे १९९१ ची जनगणना जम्मू-काश्मीरमध्ये झालीच नव्हती इकडे. तिथल्या एकाही माणसाची त्या १० कोटी १६ लाखांत नोंद नाही. २००१ मध्ये मात्र तिथे जनगणना झाली आणि सुमारे ६८ लाख मुसलमान मोजले गेले. हे ६८ लाख लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत होते, पण हिशेबात ते एका दशकात 'वाढले'. ते वजा करा. १३ कोटी १४ लाख उरतात आणि वाढ होते २९.३ टक्के. जम्मू-काश्मीरमधले हिंदूही याच रीतीने 'वाढले' होते, पण ते सुमारे ३० लाख, आणि ८२ कोटींच्या समुद्रात ३० लाखांनी टक्केवारी हलत नाही. त्यामुळे चुकीच्या तुलनेचा सगळा भार एकाच समाजाच्या खात्यावर पडला.

त्यात आणखी एक गाठ होती. १९८१ मध्ये आंदोलनामुळे आसामात जनगणना झाली नव्हती. म्हणजे दोन दशकांचे वेग शेजारी ठेवायचे तर आसाम आणि जम्मू-काश्मीर दोन्ही वगळायला हवेत. तसे केले की मुसलमानांची वाढ ३२.९ वरून २९.३ वर आलेली दिसते. चढलेली नाही, उतरलेली, आणि चांगली साडेतीन टक्क्यांनी.

हा शोध अर्थातच माझा एकट्याचा नव्हे. देशातल्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी आणि पत्रकारांनी दोन-तीन दिवसांतच ही गोष्ट पुढे आणली आणि जनगणना कार्यालयाला दोन्ही राज्ये वगळून काढलेले दर ठळकपणे मांडावे लागले. त्या वेळचे महानिबंधक जयंतकुमार बांठिया हे महाराष्ट्र केडरचे अधिकारी, पुढे आपल्या राज्याचे मुख्य सचिव झाले. त्यांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचे नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की चूक सापडली ती सरकारच्याच तक्त्यांत. राज्यवार, धर्मवार आकडे छापून लोकांपुढे ठेवलेले होते, म्हणून सोलापुरातला एक मास्तरही ती वजाबाकी करू शकला. नुसती '३६ टक्के' एवढीच घोषणा झाली असती आणि तक्ते कुलपात राहिले असते, तर ती पुसायची कशी? अर्थात घोषणा तरीही पूर्ण पुसली गेली नाही. दुरुस्ती आतल्या पानावर जाते. त्यानंतर कित्येक वर्षे प्रचारसभांत छत्तीसच ऐकू येत होते.

या भीतीचा इतिहास जुना आहे आणि तो थेट जनगणनेच्या अहवालापर्यंत जातो. १८९१ च्या जनगणनेचे बंगालमधले अधीक्षक ओ'डोनेल यांनी अहवालात एक गणित मांडले होते, की याच वेगाने गेल्यास बंगालमधले हिंदू नामशेष व्हायला किती वर्षे लागतील. त्याचा धागा पकडून १९०९ मध्ये कलकत्त्याच्या यू. एन. मुखर्जी यांनी हिंदू ही मरणपंथाला लागलेली जमात आहे अशी लेखमाला लिहिली. पुढे स्वामी श्रद्धानंदांनी १९२६ मध्ये तोच शब्दप्रयोग आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात घेतला. एका अधिकाऱ्याने बसल्या बसल्या काढलेले त्रैराशिक, त्यावर एक शतकभर राजकारण. बंगालमधली पहिली मोठी जनगणना १८७२ ची. पूर्व बंगालात मुसलमान बहुसंख्य आहेत हे तिच्यातून कळले तेव्हा खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनाच आश्चर्य वाटले होते.

आपल्या बाजूनेही आकडे असेच वापरले गेले आहेत. विल्यम हंटर यांचे भारतीय मुसलमानांवरचे पुस्तक १८७१ चे. मुसलमान राणीच्या सरकारविरुद्ध बंड करायला धर्माने बांधलेले आहेत काय, या प्रश्नाच्या पोटी ते लिहिले गेले. त्यातला एक तक्ता पुढे फार गाजला. बंगालमधल्या २,१११ वरिष्ठ सरकारी जागांपैकी मुसलमानांकडे फक्त ९२. आपले म्हणणे खालच्या बंगालपुरतेच आहे हे हंटर यांनी स्वतः बजावले होते. पण बंगालच्या त्या ९२ जागा अलीगढपासून मुंबईपर्यंत सगळ्या मुसलमानांची कैफियत बनल्या. मुंबई इलाख्याचे दुखणे वेगळे होते. व्यापारी खोजा-मेमन-बोहरे वेगळे, कोकणातले दर्यावर्दी वेगळे, देशावरचे मोमीन-बागवान-अत्तार वेगळे. ते मांडायला बद्रुद्दीन तय्यबजींना १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे स्वतंत्र निवेदन द्यावे लागले. त्या आयोगाचे अध्यक्षही हंटरच.

सरकारचाच आकडा घेऊन सरकारला जाब विचारायची रीत मात्र मुंबईतच जन्मली. दादाभाई नौरोजींनी इंग्रजांच्या प्रशासकीय अहवालांतली पिकांची आणि उत्पादनाची आकडेवारी जुळवून १८६७-६८ साली हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी वीस रुपये पडते असे दाखवले. त्यांच्यापाशी ना कचेरी होती ना प्रगणक. पुण्याचे गोखले स्वतः अंकगणित शिकवणारे. १९०२ च्या अर्थसंकल्पावर ते बोलले तेव्हा सरकारी शिल्लक म्हणजे प्रजेची सुबत्ता नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच जमाखर्चावरून सांगितले. इंग्रज सरकार लोकशाही नव्हते, पण ते आकडे छापत होते. निदान तेवढे तरी करत होते, असे हल्ली कधी कधी म्हणावेसे वाटते.

स्वातंत्र्यानंतर प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या पहिल्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. शेतातल्या पिकाचा अंदाज काढण्यासाठी किती आकाराचा तुकडा कापून मोजावा, यावर महालनोबिस आणि आपले सातारा जिल्ह्यातले पांडुरंग सुखात्मे यांच्यात मोठा वाद झाला. छोटा तुकडा पुरतो, असे महालनोबिसांचे म्हणणे. सुखात्मे म्हणत, छोट्या तुकड्यात काठावरची रोपे आत धरली जातात आणि पीक फुगते. परिणामी नमुना पाहणीचा धान्याचा आकडा वेगळा आणि कृषी खात्याचा वेगळा, असे बरीच वर्षे चालले. देश धान्याच्या टंचाईत होता, तरी दोन्ही आकडे लोकांसमोर होते आणि भांडण उघड्यावर होते. अशा भांडणानेच आकड्याला वजन येते.

तर पुन्हा २००४ नंतरच्या काळाकडे. मार्च २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी न्या. राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचे सदस्य-सचिव अर्थतज्ज्ञ अबुसालेह शरीफ. नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल आला. या अहवालाची शिफारस म्हणून खूप चर्चा झाली, पण मला त्याचे मोल वाटते ते वेगळ्या कारणाने. समितीने नवे असे फारसे मोजले नाही. २००१ ची जनगणना, म्हणजे छत्तीस टक्क्यांची तीच जनगणना, आणि नमुना पाहणीची ६१ वी फेरी यांचे तक्ते तिने धर्माच्या रकान्यानुसार उलगडले. भारतीय प्रशासकीय सेवेत मुसलमान ३ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८, पोलीस सेवेत ४. साक्षरता ५९.१ टक्के, देशाची सरासरी ६५ च्या घरात. पन्नास वर्षे ज्याला लांगूलचालन म्हटले गेले त्याची जमाबाजू ही एवढीच निघाली. आणि मदरशांत जाणारी मुले? शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी तीन-चार टक्के. मुसलमानांची सगळी पोरे मदरशात शिकतात ही समजूत बाहेर होती तशी आपल्यातही होती. आपल्यातले कित्येक जण तिचा अभिमान बाळगत, कित्येक तिची लाज.

महाराष्ट्राच्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो होतो. २००१ मध्ये राज्यात मुसलमान १०.६ टक्के आणि त्यांची साक्षरता ७८.१ टक्के, राज्याच्या सरासरीहून किंचित जास्त. एका संमेलनात एका मित्राने हा आकडा टाळ्या घेत वाचला. मला खाली बसून अस्वस्थ वाटत होते. महाराष्ट्रातले सुमारे सत्तर टक्के मुसलमान शहरांत राहतात आणि शहरांत सगळ्यांचीच साक्षरता जास्त असते. शहरातला मुसलमान आणि खेड्यापाड्यासकटचे सगळे राज्य ही तुलनाच बरोबरीची नाही. २००४ साली आपल्याविरुद्ध जी चूक झाली तीच आपण आपल्या बाजूने करत होतो. चहाच्या वेळी मित्राला हे सांगितले तर तो रागावला. "एक चांगला आकडा मिळाला तर तोही राहू देत नाहीस," म्हणाला. त्याचे दुःख मला समजत होते.

एक रकाना सच्चर समितीलाही मिळाला नाही. सैन्यदलातील मुसलमानांची संख्या विचारली तेव्हा २००६ च्या सुरुवातीला गदारोळ झाला आणि ती आकडेवारी अहवालात आली नाही. मोजल्याने फूट पडते, असा युक्तिवाद होता. मोजणी झाली नाही म्हणून प्रमाण बदलत नाही, बोलण्यातले अंदाज तेवढे वाढतात. समितीची एक शिफारस राष्ट्रीय माहितीकोशाची होती, सर्व समाजघटकांची माहिती एका जागी आणि सर्वांना खुली. आपल्या नेत्यांनी आरक्षणावर सभा घेतल्या, माहितीकोशासाठी कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. पण आरक्षणाची बाजूही शेवटी आकड्यांवरच टिकते किंवा पडते. राज्याने २००८ मध्ये नेमलेल्या मेहमूद-उर-रहमान समितीचा अभ्यास हाताशी होता. २०१४ च्या अध्यादेशातले मुसलमानांचे पाच टक्के आरक्षण मुंबई उच्च न्यायालयात गेले तेव्हा अंतरिम आदेशात नोकऱ्यांतले थांबले, शिक्षणातले राहिले. पुढे अध्यादेशच बारगळला, तो राजकारणाने.

आकडे गोळा करणारे लोक सत्तेपासून अंतर राखून काम करू शकतील काय, हा प्रश्न तज्ज्ञांनाही पडला होता. रंगराजन आयोगाच्या शिफारशीवरून २००५ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचा ठराव झाला आणि २००६ मध्ये तो कामाला लागला. पहिले अध्यक्ष प्रा. सुरेश तेंडुलकर, पुढे गरिबीच्या मोजमापासाठी घरोघर माहीत झालेले. पण आयोग उभा होता सरकारी ठरावावर, संसदेच्या कायद्यावर नव्हे. त्याचा परिणाम जानेवारी २०१९ मध्ये दिसला. २०१७-१८ चा रोजगार अहवाल आयोगाने मान्य करूनही प्रसिद्ध होत नव्हता. कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. बेरोजगारीचा ६.१ टक्के हा आकडा वर्तमानपत्रात फुटला. तो कच्चा आहे, असे सांगितले गेले. लोकसभेची निवडणूक झाली, नवे मंत्रिमंडळ आले आणि ३१ मे रोजी अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. आकडा ६.१ च होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०१७-१८ ची उपभोग खर्चाची पाहणी, म्हणजे गरीब माणूस काय खातो-पितो याची मोजणी, दर्जाचे कारण देऊन रद्द करण्यात आली.

हे मुसलमानांचे प्रश्न नव्हेत, असे एका तरुणाने मला सांगितले. बेरोजगारी काय फक्त आपल्यातच आहे? तेच तर. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावरचा मोमीन आणि तिथलाच पद्मशाली एकाच तक्त्यात बेकार होतात. तक्ता दडवला की दोघेही दिसेनासे होतात, आणि मग धर्माचा एखादा सुटा आकडा तेवढा फिरत राहतो. २०११ च्या जनगणनेची धर्मवार आकडेवारी ऑगस्ट २०१५ मध्ये आली, लोकसंख्येच्या पहिल्या आकड्यांनंतर चार वर्षांनी. मुसलमान १४.२ टक्के, वाढ २४.६, म्हणजे आणखी जवळजवळ पाच टक्क्यांनी उतरलेली. हिंदूंची १६.८. तरी हिंदू ऐंशी टक्क्यांच्या खाली गेले, असा मथळा झालाच.

त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती कोविडमध्ये लांबली आणि लांबतच गेली. त्याच्या आधी २०१९-२० च्या हिवाळ्यात घरयादीबरोबरच लोकसंख्या नोंदवही अद्ययावत करण्याचे ठरले होते. जनगणना १९४८ च्या कायद्याखाली होते. त्या कायद्याच्या पंधराव्या कलमाने प्रगणकाने भरलेला कागद कोणाला पाहता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. नोंदवही मात्र नागरिकत्वाच्या २००३ च्या नियमांतली. दोन्ही कागद एकाच माणसाच्या पिशवीत येणार म्हटल्यावर मोहल्ल्यांत काय झाले ते आपण पाहिले आहे. साध्या नमुना पाहणीला आलेल्या पोरांनाही लोकांनी काही ठिकाणी हाकलून लावले. २००१ मध्ये ज्या खालाने मला चहा पाजून मातृभाषा सांगितली होती, तिच्याच घरी त्या दिवसांत दार अर्धे उघडायचे.

आता १ मार्च २०२७ ही गणनेची तारीख जाहीर झाली आहे आणि सरकारने २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे तिच्यात जातही विचारली जाणार आहे. मुसलमानांच्या बिरादऱ्या १९३१ पर्यंत मोजल्या जात होत्या, मंडल आयोगाने ओबीसींचे गणित त्याच जुन्या आकड्यांवर बांधले, आणि महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीलाही सर्व देशाचे असे ताजे काही कधी मिळाले नाही. आमच्या मोहल्ल्यात यावर तीन बैठका झाल्या. एक गट म्हणतो, इस्लाममध्ये जात नाही, रकाना कोरा ठेवा किंवा नुसते मुसलमान लिहा. बागवान आणि अत्तार मंडळी म्हणतात, पोरांचे दाखले काढताना मग आमची जात कुठून येते? मला त्यांचे म्हणणे पटते, पण माझे नाव शेख आहे, मला सांगायला सोपे आहे, असे एकाने तोंडावर ऐकवले. एकमत झालेले नाही. पुढच्या जुम्याला नमाजनंतर पुन्हा बसायचे ठरले आहे, आणि मी १९४८ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमाची मराठी आणि उर्दू प्रत घेऊन यावी असे मला सांगितले आहे.